शेजारच्या सीटचा ब्रेक

मास्तरणीने डोळे गच्च मिटून ब्रेक दाबला आणि गाडी थांबली. डोळे उघडले तेव्हा समोर गल्लीतून उलटा बाहेर आलेला टेम्पो होता, टेम्पोच्या पाठीवर दोरीने बांधलेलं आरशाचं कपाट होतं, आणि आरशात त्यांचीच गाडी दिसत होती. गाडीच्या नाकात आणि कपाटात जेमतेम हातभर जागा उरली होती.

"बघितलंत ना ताई?" ती म्हणाली. "मी दाबला म्हणून वाचलो. नाहीतर आत्ता त्या आरशात शिरून तोंड बघावं लागलं असतं."

स्टिअरिंगवर तिच्या थोरल्या जाऊबाई होत्या. त्यांनी मान वळवून मास्तरणीकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मग गिअर काढला, हँडब्रेक ओढला आणि घसरलेला चष्मा वर सरकवत म्हणाल्या, "हो बाई. तू दाबलास."

मास्तरणीला जरा चुकल्यासारखं वाटलं. जाऊबाई इतक्या सहज काही मान्य करतात, असं या घरात कधी घडलं नव्हतं. पण टेम्पोवाला हात जोडून पुढे निघाला, मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली आणि तो विषय तिथेच राहिला.

मास्तरीण हे काही तिचं नाव नव्हे, पण आता सगळे तिला तेच म्हणत. नवरा गेला तेव्हा तिच्या पदरी एक गाडी आणि एक शाळकरी मुलगी उरली होती, आणि दोन्ही एकटीने कशा सांभाळायच्या याचा तिला पत्ता नव्हता. ती गाडी शिकली. मग तिने शेजारणीला शिकवली, मग शेजारणीच्या बहिणीला, आणि बघता बघता दारावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी लागली. पाटी लागली त्या दिवशी जाऊबाई म्हणाल्या होत्या, "बाईने बाईला गाडी शिकवायची, म्हणजे आधी रस्त्यावरच्यांचा विमा उतरवा." हे वाक्य नात्यागोत्यात बरीच वर्षं फिरत होतं, आणि मास्तरणीच्या कानावर ते दर वेळी नव्याने येत होतं.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला शेजारच्या सीटच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. तो एका जाड तारेने ड्रायव्हरच्या ब्रेकला जोडलेला असतो; इकडे दाबला की तिकडचा आपोआप खाली जातो. मास्तरणीचं सगळं शिकवणं या ब्रेकवर उभं होतं. अगदी सुरुवातीला एका विद्यार्थिनीने गाडी थेट शाळेच्या भिंतीवर घातली होती, तेव्हापासून हिचा उजवा पाय त्या ब्रेकवरून उठला म्हणून नाही. घरी टीव्हीवर एखादी गाडी जोरात निघाली तरी सोफ्यावर बसल्या बसल्या तिचा पाय जमिनीत रुतायचा आणि लेक हसून लोळायची.

तो पाय उठायचा फक्त एका दिवशी. शिकणाऱ्याचा हात बसला, आता ब्रेकची गरज नाही, असं तिच्या मनाने घेतलं की ती चपला काढायची, दोन्ही पाय वर घ्यायची आणि सीटवर मांडी घालून बसायची. तोंडाने काही बोलायची नाही. मांडी पडली म्हणजे विद्यार्थी तयार, आता खुशाल परीक्षेला जा. शाळेत मुलं-बायका एकमेकांना विचारायच्या, "तुझी मांडी पडली का?"

जाऊबाईंची मांडी पडली नव्हती. मांडी न पडताच हट्टाने त्या दोनदा परीक्षा देऊन आल्या होत्या. पहिल्या वेळी हँडब्रेक न सोडताच गाडी हाकली. दुसऱ्या वेळी परीक्षा घेणारे साहेब म्हणाले, "डावीकडे वळा," तेव्हा त्यांनी विचारलं, "का? तिकडे काय आहे?" साहेबांनी कागदावर काय लिहायचं ते लिहिलं.

आणि उद्या तिसरी परीक्षा होती.

गाडी शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. उभी केली ती बरी केली होती, फुटपाथला अगदी समांतर, पण मास्तरणीच्या डोक्यात ते आरशाचं कपाटच होतं.

"ताई, एक बोलू? उद्याची परीक्षा राहू दे."

जाऊबाईंनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. "राहू दे म्हणजे?"

"पुढची तारीख घेऊ. माझा पाय अजून मोकळा नाही. रोज एकदा तरी मला दाबावा लागतोच."

"परवा मुलगा येतोय, माहितेय ना तुला?"

माहीत होतं. थोरल्या दिरांची नजर गेल्या वर्षभरात जवळजवळ गेली होती. दवाखान्याच्या खेपा असत, आणि गाडी दारात धूळ खात उभी होती. मुलगा दूरच्या शहरात. तो म्हणे, घर बंद करा आणि माझ्याकडे चला. जाऊबाईंनी त्याच्याशी सौदा केला होता: मी गाडी शिकते, लायसन्स मिळालं तर आम्ही इथेच राहू, नाही मिळालं तर तू सामान बांध. त्या घरात त्या लग्न होऊन आल्या होत्या. दिरांना आता घरातली प्रत्येक पायरी, दाराची प्रत्येक कडी हाताने ओळखता येत होती. दुसऱ्या घरात त्यांना उठून पाणी प्यायचं तरी कुणालातरी हाक मारावी लागली असती. हे सगळं मास्तरणीला ठाऊक होतं आणि म्हणूनच तिला झोप नव्हती.

"ताई, परीक्षेचं काय, तिसऱ्यांदा साहेब कंटाळून पासही करतील," ती म्हणाली. "पण मग शेजारी भाऊजी बसणार. त्यांच्या पायाशी ब्रेक नाही."

जाऊबाईंनी पट्टा सोडला. एरवी त्यांनी तिला चार शब्द ऐकवले असते. आज त्या दार उघडून खाली उतरल्या आणि खिडकीतून वाकून म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत काय ते ठरव. सामान बांधायला कपड्यांच्या घड्या घालायच्या की नाही, ते कळायला हवं."

त्या गेल्या. ठरवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, असं मास्तरणीला वाटत होतं. तरी जाऊबाईंचं ते तोंड उघडून मिटणं तिला आठवत राहिलं.

दुपारी शाळेत फोन आला. फोनवर उद्योजिकांचा मेळावा भरवणाऱ्यांपैकी एक पोरगी होती. ही पोरगी दोनेक आठवडे तिच्या मागे लागली होती. मेळाव्यात मास्तरणीने भाषण करायचं, विषय होता ‘धंद्याने मला काय शिकवलं’.

"मॅडम, तीन धडे हवेत. पहिला तुम्ही दिलात, ‘पाय कायम ब्रेकवर’. तो सगळ्यांना इतका आवडला की आम्ही पत्रिकेवरच छापलाय. आता फक्त दोन."

"दोन कुठून आणू? मला एकच माहीत आहे."

"काहीही चालेल मॅडम. छोटे छोटे द्या."

मास्तरणीने ‘बघते’ म्हणून फोन ठेवला. तेवढ्यात दारात गॅरेजचा मिस्त्री उभा राहिला. त्याच्या हातात कागदात गुंडाळलेलं वेटोळं होतं.

"आली शेवटी, मॅडम. किती दुकानं पालथी घातली विचारू नका."

"काय आली?"

"तार. तुमच्या ब्रेकची."

मास्तरणीने त्याच्याकडे बघितलं. "ब्रेक तर तू केव्हाच दुरुस्त करून दिलास. उलट आता लोण्यासारखा झालाय. मी तुला म्हणणारच होते."

"लोण्यासारखा होणारच की. त्याला पुढे काही जोडलेलंच नाही. जुनी तार तुटायला आली होती, मी ती काढून टाकली आणि पेडल लोंबकळू नये म्हणून नुसती स्प्रिंग लावून दिली. तुम्हाला सांगितलं होतं ना, तार मिळेपर्यंत या गाडीत शिकाऊ बसवू नका."

"मला? कधी?"

"गाडी द्यायला आलो तेव्हा. तुम्ही मान डोलावलीत."

"मी फोनवर असेन."

"फोनवर होतात. पण मान माझ्याकडे बघून डोलावलीत."

मास्तरीण खुर्चीवर बसली. त्या दिवशी कानाला फोन लावून ती याच पोरीला सांगत होती की धंद्यात पाय कायम ब्रेकवर हवा. हे तिला आठवलं, आणि हसू यायच्या ऐवजी तळपाय गार पडले.

"मॅडम, कुणाला काही झालं नाही ना?" मिस्त्रीने हळूच विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "कुणालाच काही झालं नाही."

आणि गोंधळ सुरू झाला तो इथूनच. काही झालं असतं तर गोष्ट सरळ होती. स्वतःच्या थोबाडीत मारून घेता आलं असतं. पण काहीच झालं नव्हतं. दवाखान्याच्या चौकात सायकलवाला आडवा आला होता, तेव्हा गाडी थांबली होती. उतारावर सिग्नल लाल झाला तेव्हाही थांबली होती. शाळकरी मुलांचा चेंडू आला होता, कुत्रं आलं होतं, आज सकाळी आरशाचं कपाट आलं होतं, आणि दर वेळी हिने डोळे मिटून जिवाच्या आकांताने एक स्प्रिंग दाबली होती आणि गाडी थांबली होती.

मग थांबवली कुणी? जाऊबाईंनी?

ज्या जाऊबाईंना आपण सकाळी सांगितलं की तुम्ही तयार नाही?

मिस्त्री गाडीखाली शिरून खाटखूट करत होता. लेकही आता शाळेतच शिकवायची; ती दुसऱ्या गाडीतून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आली, तिला हकिगत कळली, आणि आधी ती घाबरली, मग आईला काही झालं नाही हे बघून म्हणाली, "म्हणजे तू इतके दिवस नुसता व्यायाम करत होतीस?"

"हसू नकोस. जीव जायची वेळ होती."

"हसत नाहीये. पण आई, मग आधीचं काय गं?"

"आधीचं कसलं?"

"म्हणजे तार होती तेव्हा. तेव्हा तरी दर वेळी तूच थांबवायचीस का?"

मास्तरणीने मनातल्या मनात मोजायला घेतलं. इतक्या वर्षांत इतके लोक शिकवले. प्रत्येकाला तिने निदान एकदा तरी ऐकवलं होतं की मी दाबला म्हणून वाचलास. आता यातले किती तिने वाचवले आणि किती आपले आपण थांबले, हे कुणाला विचारायचं? गाडीला तर सांगता येत नव्हतं. आता मेळाव्यातल्या बायकांना सांगायचं तरी काय? पाय ब्रेकवर ठेवा? की काढा? की ठेवा, पण आधी वाकून बघा, खाली तार आहे का? पत्रिका तर छापून झाली होती. यात भीती किती आणि लाज किती, हे तिला वेगळं करता येईना.

मिस्त्री बाहेर आला, हात पुसत म्हणाला, "दाबून बघा."

तिने दाबला. पेडल जड होतं, आणि शेजारी ड्रायव्हरचा ब्रेक कुणी अदृश्य माणूस बसल्यासारखा खाली गेला. तिने पाय काढला, तोही वर आला. इतके दिवस रोज सकाळी काच पुसून झाली की ती हा ब्रेक दोनदा दाबून बघत असे. दर वेळी तिने आपल्या पायाखाली बघितलं होतं. शेजारी एकदाही बघितलं नव्हतं.

संध्याकाळी ती जाऊबाईंच्या दारात गाडी घेऊन गेली. थोरले दीर व्हरांड्यात बसले होते. पावलांवरून त्यांनी तिला ओळखलं.

"मास्तरीणबाई, पास का नापास?"

"एक फेरी मारून येतो भाऊजी. मग सांगते."

"लवकर सांगा. आमच्या पलंगावर सकाळपासून कपड्यांचा ढीग पडलाय. हिच्याच्याने घड्याही घालवत नाहीत आणि ढीग उचलूनही ठेववत नाही."

जाऊबाई स्टिअरिंगवर बसल्या. आरसा बघितला, पट्टा लावला, हँडब्रेक सोडला. मास्तरीण सगळं बघत होती आणि आपण हे आधी बघितलं होतं की नाही, असा तिला प्रश्न पडला होता. गाडी गल्लीतून निघाली, चौकाकडे लागली. ती आज पहिल्यांदाच रस्त्याऐवजी जाऊबाईंच्या पायाकडे बघत होती. तो पाय शांत होता. सिग्नल दिसला की ॲक्सिलरेटरवरून उठायचा, ब्रेकवर जाऊन बसायचा, गाडी कुरकुर न करता मंद व्हायची.

बाजारपेठेच्या तोंडाशी एक माणूस भलंमोठं खोकं डोक्यावर घेऊन, इकडेतिकडे न बघता रस्त्यात उतरला. जाऊबाईंचा पाय ब्रेकवर गेलाच होता. पण मास्तरणीचे डोळे मिटले आणि तिचा पाय तिला न विचारता खाली गेला. गाडी गचका देऊन उभी राहिली आणि बंद पडली.

"अगं!" जाऊबाई ओरडल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आज परत दाबलास?"

"परत म्हणजे?"

"म्हणजे मधे सोडून दिलं होतंस ना."

मास्तरणीला कळेना. "तुम्हाला कसं कळलं?"

"कसं कळलं म्हणजे? माझ्या पायाखाली ब्रेक आहे ना? पूर्वी मी पाय नेईपर्यंत तो आपला आपण खाली गेलेला असायचा. घास तोंडाशी न्यावा आणि कुणी ताट ओढावं, तसं व्हायचं. आपण कशाला आहोत इथे, असं वाटायचं. चिडून मग माझंही लक्ष लागायचं नाही." त्यांनी गाडी पुन्हा चालू केली, खोकंवाल्याला हाताने ‘जा’ म्हणून सांगितलं. "आणि मग एके दिवशी बघते तर ब्रेक जागच्या जागी. उतारावरचा सिग्नल आठवतो? मी वाट बघितली, आता जाईल खाली, आता जाईल. गेलाच नाही. मग मीच दाबला."

"काही बोलला नाहीत."

"काय बोलायचं? मी म्हटलं, बाईने विश्वास टाकला आपल्यावर. या घरात येऊन तुला इतकी वर्षं झाली, मी तुला कधी..." त्या थांबल्या. गिअर टाकायला उगाचच जास्त वेळ घेतला. "घरी जाऊन यांना सांगितलं. म्हटलं, तिने पाय काढला. ते म्हणाले, मग तू पास झालीस असं समज."

"पण मी तर रोज म्हणायचे, मी दाबला म्हणून."

"म्हणायचीस. मी म्हटलं म्हणू दे. मास्तरीण आहे, आपण शेफारू नये म्हणून म्हणत असेल. मला काय कळत नाही का?" त्या पुढे बघतच बोलत होत्या. "फक्त आज सकाळी तू खरंच तसं समजतेस असं वाटलं. ते जरा लागलं."

मागून हॉर्न वाजला. जाऊबाईंनी आरशात बघितलं, गाडी हळूच पुढे घेतली.

तारेची गोष्ट मास्तरणीच्या अगदी ओठावर होती. मिस्त्री, स्प्रिंग, डोलावलेली मान, सगळं. खरं ते सांगून टाकावं, असं तिला मनापासून वाटलं. आणि सांगितलं तर काय उरेल, तेही दिसलं. उद्या सकाळी साहेबांच्या शेजारी बसताना या बाईंच्या मनात मग तो उतारावरचा सिग्नल राहणार नाही, एक तुटकी तार राहील. आणि हिने कधीच न टाकलेला विश्वास यांनी इतके दिवस जपून वापरला होता. तो आता परत कसा मागायचा? ती बोलायला गेली, आणि सकाळी जाऊबाईंनी केलं होतं तसंच तिचंही तोंड उघडून मिटलं.

"काय गं?"

"काही नाही. आत्ता चुकून लागला पाय."

"उद्या परीक्षा आहे म्हणून घाबरली असशील," जाऊबाई म्हणाल्या. "होतं असं."

मास्तरणीने खाली वाकून चपला काढल्या. सीट एक घर मागे सरकवली. पट्टा सैल करून आधी डावा पाय वर घेतला, मग उजवा, आणि मांडी घातली. गुडघे कुरकुरले. पायाशी नवी तार बसवलेला जड, खराखुरा ब्रेक एकटाच राहिला.

जाऊबाईंनी डोळ्याच्या कोपऱ्यातून ते बघितलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर नीट ठेवले आणि पाठ ताठ केली.

मेळाव्याच्या पोरीचा फोन वाजू लागला. मास्तरणीने तो वाजू दिला.

"घे की," जाऊबाई म्हणाल्या.

"नंतर. तुम्ही पुढे बघा."

"मग घड्या घालू की ढीग उचलून ठेवू?"

"पुढे बघा म्हटलं ना ताई."

उतार लागला. खाली सिग्नल पिवळा झाला, लाल झाला. समोरच्या गाड्यांचे मागचे दिवे एकापाठोपाठ एक पेटत आले. मास्तरणीने या वेळी डोळे उघडे ठेवले. मांडीखाली तिची उजवी टाच सीटमध्ये रुतत गेली, रुतत गेली, आणि गाडी मंद होत होत पुढच्या गाडीमागे चांगलं अंतर ठेवून थांबली.

सिग्नल मोठा होता. तिच्या पायाला मुंग्या आल्या. तिने मांडी मोडली नाही.